हुंड्यात न गेलेलं गाव

मुंबई पोर्तुगीजांनी इंग्रजांना हुंड्यात दिली, हे वाक्य आपल्याला पाठ असतं. क्विझमध्ये ते विचारतात, रील्समध्ये सांगतात, गेटवेपाशी उभा असलेला गाइडही पाहुण्यांना तेच ऐकवतो. पण मुंबई म्हणजे नक्की कुठपर्यंत, असं पुढे कुणी विचारत नाही. मी विचारतो, कारण मी मढचा आहे आणि मढ त्या हुंड्यात नव्हतं.

माझी बायको गिरगावची. आमचं ठरलं तेव्हा तिच्या एका मामांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मढ? ते मुंबईत येतं का?" माझ्या आईला ते लागलं. मालाडच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकलेल्या बाईला कुणी तू मुंबईची आहेस का विचारलं, तर लागणारच. बायकोने तेव्हा मामांना गप्प केलं, पण नंतर तिनेच तो विनोद हातात घेतला. फेरीबोटीत बसलो की म्हणणार, "चला, परदेश दौरा." वर्सोव्याच्या धक्क्यावरून मढला यायला बोटीला काही मिनिटं लागतात. रस्त्याने तेच अंतर मालाड, मार्वे करत वीसेक किलोमीटरचा वळसा आहे. तेव्हा तिच्या विनोदात तथ्य नव्हतं असं नाही.

मग खरंच परदेश दौरा घडला. कंपनीने मला प्रोजेक्टवर नेदरलँड्सला पाठवलं, लग्नानंतर चार महिन्यांनी तीही आली. आम्ही दोन-तीन दिवसांच्या सहली सुरू केल्या. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, रविवारी रात्री परत. सामान पाठीवरच्या एका बॅगेत मावेल तेवढंच, कारण स्वस्त विमानात दुसऱ्या बॅगेचे पैसे तिकिटापेक्षा जास्त. पुस्तकातला इतिहास सनावळीच्या क्रमाने चालतो. आमचा चालला स्वस्त तिकिटांच्या क्रमाने, म्हणून आम्हाला ही गोष्ट मधूनच सापडली, आणि तीही आधी शेपटीकडून.

शेपूट म्हणजे अक्षरशः शेपूट. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये एका जहाजाच्या पिछाडीचा लाकडी कोरीव भाग भिंतीवर लावला आहे. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला एकशिंगी घोडा, मध्ये इंग्लंडचं राजचिन्ह. आमच्याकडे वर्षभराचं म्युझियमकार्ट होतं. एकदा पैसे भरले की शेकडो संग्रहालयांत फुकट प्रवेश. त्यामुळे पावसात कुठे जायचं सुचलं नाही की आम्ही तिथे जायचो. रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'पुढची गर्दी टाळून मी या लाकडापुढे उभा राहायचो, कारण मी बोटी बघत वाढलोय. मढला बोटीचा मागचा भाग कसा असतो, तो किती साधा असतो, हे मला माहीत आहे. एवढा खर्च पाण्यात राहणाऱ्या लाकडावर कोण करतं, हे मला कळेना.

ते जहाज 'रॉयल चार्ल्स'. क्रॉमवेलच्या काळात १६५५ साली बांधलं, तेव्हा त्याचं नाव 'नेसबी' होतं. राजेशाही परत आली आणि १६६० मध्ये याच जहाजातून दुसरा चार्ल्स इंग्लंडला परतला, म्हणून नाव बदललं. पुढे १६६७ च्या जूनमध्ये डच आरमार मेडवे नदीतून थेट चॅटमपर्यंत घुसलं, इंग्रजांची जहाजं जाळली आणि हे सगळ्यात मानाचं जहाज दोरखंडाने ओढून हॉलंडला आणलं. ते वापरण्यासाठी त्यांनी आणलंच नव्हतं. त्यांच्या उथळ किनाऱ्याला ते चालण्यासारखं नव्हतं. लोक ते बघायला यायचे. चार्ल्सला हा अपमान वाटला, त्याने तक्रार केली. १६७३ मध्ये जहाज मोडीत निघालं, पिछाडी तेवढी राहिली. आज आपण तिकीट काढून जे करतो, ते साडेतीनशे वर्षांपूर्वीचे डच लोकही करत होते, हे वाचून मला गंमत वाटली.

आणि याच जहाजाने १६६२ च्या वसंतात लिस्बनहून एक नवरी इंग्लंडला नेली होती. कॅथरिन ऑफ ब्रगान्झा. म्हणजे तीच, मुंबईवाली.

बायको म्हणाली, "अरे, म्हणजे हा लग्नातल्या गाडीचा मागचा भाग आहे."

त्या दिवशी घरी येऊन आम्ही या लग्नाचं वाचायला लागलो, आणि पुढच्या दोन सहली त्यावरून ठरल्या.

आधी लग्नाची गरज कुणाला होती ते बघू. पोर्तुगाल साठ वर्षं स्पेनच्या राजांखाली होतं. १६४० मध्ये ब्रगान्झा घराण्याने बंड करून गादी घेतली, पण स्पेनने ते मान्य केलं नव्हतं. पूर्वेकडे डचांनी त्यांची ठाणी एकामागून एक उचलली होती. त्यांना सैन्य देणारा मित्र हवा होता. चार्ल्सकडे सैन्य होतं, पैसे नव्हते. २३ जून १६६१ रोजी करार झाला. मुलीकडून वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेच्या उत्तर टोकाचं टँजियर, पूर्वेकडच्या व्यापाराच्या सवलती आणि मुंबईचं बंदर व बेट. मुलाकडून पोर्तुगालच्या रक्षणाची हमी.

यादी मोठी, पण मुलीच्या माहेरी रोकड नव्हती. नवरीला न्यायला आलेल्या अर्ल ऑफ सँडविचपुढे पैशांच्या जागी साखर आणि इतर माल ठेवला गेला. लग्नघरात ऐनवेळी होणारी ती ओळखीची कुजबुज मला ऐकू येते: अहो, ठरलं काय होतं आणि देताहेत काय.

लंडनला आम्ही चार दिवस गेलो. ब्रिटिश म्युझियम एका सकाळी उरकलं. तिथे काय काय ठेवलंय आणि ते कुणाचं, यावर मराठीत भरपूर लिहून झालं आहे, मी भर घालत नाही. आम्हाला हॅम्प्टन कोर्ट बघायचं होतं. वॉटर्लूहून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर थेम्सकाठी हा लाल विटांचा राजवाडा आहे. लोक तिथे आठव्या हेन्रीच्या सहा बायकांसाठी जातात, आम्ही सातव्याच कुणाच्या तरी बायकोसाठी गेलो. पोर्ट्समथला २१ मे १६६२ रोजी लग्न झालं, २९ मे रोजी, चार्ल्सच्या वाढदिवशी, जोडपं इथे मधुचंद्राला आलं.

कॅथरिन तेव्हा तेवीस वर्षांची होती. कॉन्व्हेंटच्या शिस्तीत वाढलेली, इंग्रजी येत नाही, रुंद घेराचे पोर्तुगीज घागरे घातलेली. दरबारातल्या लोकांनी त्या घागऱ्यांची चेष्टा केली, डायऱ्यांतून लिहूनही ठेवली. काही आठवड्यांत नवऱ्याने राणीच्या खास सेविकांची यादी पाठवली, त्यात पहिलं नाव बार्बरा व्हिलियर्सचं. ही त्याची प्रेयसी, नुकतंच तिला त्याच्यापासून मूल झालेलं. कॅथरिनने नाव खोडलं. मग एक दिवस चार्ल्सने बार्बराला दरबारात सगळ्यांसमोर आणून तिची ओळख करून दिली. कोण आहे ते कळताच राणीच्या नाकातून रक्त आलं, ती बेशुद्ध पडली. चार्ल्स बधला नाही. माहेरून आलेली बहुतेक माणसं त्याने परत पाठवली. शेवटी तिने मान्य केलं.

वाड्याच्या बागेत बसून आम्ही डब्यातलं खात होतो. बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्याकडे सगळे म्हणतात मुंबई हुंड्यात दिली. कुणी असं म्हणत नाही की ही मुलगी दिली आणि वर मुंबई दिली."

मला यावर सुचलेलं एकच उत्तर होतं आणि ते फार हुशार नव्हतं. मी म्हणालो, मुंबई तर अजून दिलीही नव्हती.

ते खरं होतं. लग्न झालं, पण बेट ताब्यात यायला आणखी पावणेतीन वर्षं गेली, आणि माझ्या गावाची गोष्ट तिथेच सुरू होते. करारात लिहिलं होतं मुंबईचं बंदर आणि बेट, त्याच्या सगळ्या हक्कांसह आणि त्याला जोडून असलेल्या मुलखासह. आता 'जोडून असलेला मुलूख' म्हणजे काय? माझ्या धंद्यात याला स्कोप म्हणतात. क्लायंटने करारात 'आणि संबंधित फीचर्स' असं लिहिलं की पुढची दोन वर्षं भांडणात जाणार, हे ज्युनियरलाही कळतं. इंग्रज म्हणत होते, मुंबईबरोबर साष्टी आलीच. साष्टी म्हणजे आजच्या वांद्र्यापासून वर ठाणे-दहिसरपर्यंतचं मोठं बेट, आणि त्याच्या पश्चिमेला खाड्यांनी तोडलेली मढ, मनोरी, गोराईची छोटी बेटं. पोर्तुगीज म्हणत होते, मुंबई म्हणजे मुंबई. साष्टी वेगळी.

खरं तर त्यांना मुंबईही द्यायची नव्हती. वसई, साष्टीतल्या जमिनी पोर्तुगीज सरदारांना आणि पाद्र्यांच्या संस्थांना पिढीजात लावून दिल्या होत्या. लिस्बनमधल्या राणीसाहेबांच्या लेकीच्या लग्नासाठी आपला गाव कोण सोडणार? १६६२ च्या सप्टेंबरात इंग्रजांचं आरमार सर अब्राहम शिपमनला आणि चारशेच्या आसपास सैनिकांना घेऊन मुंबईसमोर आलं, तेव्हा त्यांना कागदपत्रांच्या खुसपटावर उतरूच दिलं नाही. ते बिचारे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिले. पाऊस, ताप, हगवण. शिपमन तिथेच मेला, आणि चारशेतले शंभराच्या आसपासच उरले. त्यांना घेऊन त्याचा चिटणीस हम्फ्री कुक १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबईत उतरला. पदरात पडलं फक्त बेट. साष्टी नाही, मढ नाही. तोवर लंडनमध्ये सॅम्युअल पेप्ससारखे लोक डायरीत पोर्तुगीजांनी आपल्याला फसवल्याचं लिहीत होते. कुकने पुढे माहीम वगैरे भाग दडपून घेतला, पण माहीमच्या खाडीवर त्याला थांबावं लागलं.

तीन वर्षांनी, मेडवेच्या त्या नाचक्कीनंतरच्याच वर्षी, १६६८ मध्ये चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने दिली. भाडं वर्षाला दहा पौंड.

लिस्बन सगळ्यात शेवटी झालं, २०२३ च्या ऑक्टोबरात. घरमालकिणीने हातात किल्ली ठेवली आणि म्हणाली, "शाव्ह." आपली चावी. मग बाथरूममध्ये साबण कुठे ते दाखवलं, तेही ओळखीचं निघालं. पाव, पगार, लिलाव, बटाटा, तुरुंग, घमेलं, बिजागरी: आपल्या तोंडातले कितीतरी शब्द तिकडून आलेत हे मला माहीत होतं, पण लिस्बनच्या एका जिन्यावर, जिवंत बाईच्या तोंडून ऐकताना आधी हसूच आलं. आई फोनवर होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "मंग, त्यांनी आपल्याकडनं नेले असतील."

बेलेंचा बुरूज तागुस नदीच्या मुखाशी आहे. १५१४ मध्ये बांधायला घेतला, पाच-सहा वर्षांत पुरा झाला. नदीतून समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायची, शत्रू आला तर तोफा डागायच्या, हे त्याचं काम. पांढरा दगड, नाजूक सज्जे, दगडात कोरलेल्या दोरखंडांच्या गाठी. सेल्फीसाठी इतकी रांग होती की आत जायचा विचार आम्ही सोडून दिला. मला बाहेरूनच एक गोष्ट बघायची होती. पश्चिमेकडच्या एका कोपऱ्यातल्या छोट्या मनोऱ्याखाली, आधाराच्या दगडात, एका गेंड्याचं मुंडकं कोरलेलं आहे. पाचशे वर्षांच्या वाऱ्या-पावसाने त्याचं शिंग, नाक, सगळं झिजलंय. आधी माहीत नसेल तर दिसणारही नाही.

तो गेंडा आपल्याकडचा. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दीवला किल्ला बांधायचा होता. त्याचे वकील १५१४ मध्ये गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे गेले. सुलतानाने किल्ल्याला नकार दिला आणि तोंडी लावायला गेंडा भेट दिला. एवढं जनावर गोव्यात ठेवून काय करायचं, म्हणून आल्बुकर्कने ते राजाकडे पाठवलं. २० मे १५१५ रोजी ते लिस्बनला उतरलं. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिला नव्हता. राजा मान्युएलने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळून गेला. मग पोपला भेट म्हणून त्याला रोमला पाठवलं, वाटेत इटलीच्या किनाऱ्यापाशी वादळात जहाज बुडालं आणि साखळीने बांधलेला गेंडा त्याच्याबरोबर. जर्मनीत बसून ड्यूररने एका पत्रातल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचं लाकूडठशाचं चित्र केलं. गेंडा त्याने कधी पाहिलाच नव्हता. अंगावर चिलखताच्या पत्र्यासारखे भाग, पाठीवर एक जास्तीचं छोटं शिंग. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपला गेंडा म्हटला की तोच डोळ्यांपुढे यायचा.

मुजफ्फरशहाने किल्ला दिला नाही, गेंडा दिला. त्याच्या मुलाला, बहादूरशहाला, ती चैन परवडली नाही. हुमायून पाठीशी लागलेला, समुद्रावर पोर्तुगीज. २३ डिसेंबर १५३४ रोजी वसईसमोर उभ्या असलेल्या साँव मातेउश नावाच्या जहाजावर तह झाला आणि वसई, साष्टी, मुंबई हा सगळा पट्टा पोर्तुगीजांकडे गेला. मढही त्यातच गेलं. म्हणजे जे गाव हुंड्यात गेलं नाही, ते त्याआधी एकदा तहात गेलेलं होतंच. तेव्हाही गावातल्या कुणाला विचारलं नसणार.

बुरुजाकडे बघताना मला ओळखीचं वाटलं ते त्याचं काम. आमच्याकडचा किल्ला, ज्याला जुन्या कागदांत वेसाव्याचा किल्ला म्हणतात, तो नेमका याच कामाचा. खाडीच्या तोंडाशी, समुद्रात घुसलेल्या खडकावर, येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर डोळा ठेवून. बेलेंचा बुरूज हेड ऑफिस, आमचा किल्ला ब्रँच. हेड ऑफिसला नक्षी मिळाली, १९८३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ब्रँचला दगड आणि चुना. मला याचं वाईट वाटत नाही. पण आमच्या कोळीवाड्यातून किनाऱ्याने चालत गेलं की त्या काळ्या भिंती ज्या तऱ्हेने अंगावर येतात, त्याची सर बेलेंला नाही, असं माझं मत आहे. बायकोला ते पक्षपाती वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही साँव व्हिसेंते द फोराच्या मठात गेलो. इथे गर्दी नव्हती. आधी निळ्या-पांढऱ्या फरशांचे ओवरे लागतात, त्यांवर ला फाँतेनच्या प्राणिकथांची चित्रं आहेत. मग मठाच्या जुन्या भोजनशाळेत ब्रगान्झा घराण्याचं दफनस्थान. दोन्ही बाजूंना संगमरवरी पेट्या, लायब्ररीतल्या रॅकसारख्या. मध्यभागी १९०८ मध्ये गोळ्या घातलेला राजा कार्लुश आणि त्याचा मुलगा, त्यांच्यापुढे शोक करणारी एक बाई, दगडाची. सगळे तिच्याकडे बघतात. कॅथरिनची पेटी बाजूला आहे.

तिला मूल झालं नाही, गर्भ राहिले आणि पडले. कॅथलिक असल्यामुळे १६७८ च्या धामधुमीत तिच्यावर नवऱ्याला विष देण्याचा कट केल्याचा आरोपही झाला. तेव्हा मात्र चार्ल्स तिच्या बाजूने उभा राहिला, घटस्फोट घे म्हणणाऱ्यांना त्याने ऐकलं नाही. १६८५ मध्ये तो मेला. ती १६९२ मध्ये इंग्लंड सोडून माहेरी निघाली. इंग्लंडला चहाची सवय लावण्यात तिचा वाटा होता असं सांगतात. पण लिस्बनला परतल्यावर, भाऊ आजारी असताना, तिने काही काळ राज्यकारभार चालवला आणि स्पेनविरुद्धच्या युद्धाच्या दिवसांत चांगला चालवला, हे फारसं कुणी सांगत नाही. ३१ डिसेंबर १७०५ रोजी ती गेली. मुंबई तिने कधी पाहिली नाही.

बायकोने बॅगेतून एक रुपयाचं नाणं काढलं आणि पेटीच्या कडेला ठेवलं. मग सुरक्षारक्षकाने पाहिलं तर काय म्हणेल म्हणून परत उचललं.

आता मढ. १६६५ नंतर माहीमची खाडी ही दोन देशांची सीमा झाली. अलीकडे इंग्रजांचा माहीमचा किल्ला, पलीकडे पोर्तुगीजांचा वांद्र्याचा. ठाण्याला आणि करंजाला पोर्तुगीज मुंबईच्या मालावर जकात घ्यायचे, इंग्रज चडफडायचे. आमच्याकडे पोर्तुगीज आणखी चौऱ्याहत्तर वर्षं राहिले. एरंगळच्या किनाऱ्यावरचं सेंट बोनाव्हेंचरचं चर्च १५७५ सालचं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथल्या जत्रेला आजही ख्रिस्ती काय नि हिंदू काय, आम्ही सगळे जातो. उपनगरात जुनी गावठाणं, रस्त्याच्या कोपऱ्यांवरचे क्रूस, ईस्ट इंडियन घरं इतकी का, याचं बरंचसं उत्तर या लांबलेल्या मुक्कामात आहे.

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत आमचा किल्लाही मराठ्यांकडे आला. मे महिन्यात वसई पडली. चर्चमधल्या घंटा हत्तींवरून, गाड्यांवरून देशावर गेल्या, देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला एक, वाईजवळ मेणवलीला १७०७ सालची एक, नाशिकला नारोशंकराच्या देवळात १७२१ सालची. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या बाईला आपण 'नारोशंकराची घंटा' म्हणतो, ती हीच. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. युरोपच्या संग्रहालयांत आम्ही दोघं वस्तूखालच्या पाट्यांवर 'कशी मिळाली' हे शोधत फिरायचो, बहुतेक पाट्या त्या बाबतीत गुळमुळीत. पण आपल्या घंटांखाली तर पाटीही नसते. फरक इतकाच की त्या अजून वाजतात, आणि म्हाताऱ्या बायका त्या मेरीलाही हळदकुंकू लावतात. हे बरं की वाईट, यावर आमचं नाशिकला गोदावरीच्या घाटावर भांडण झालं आणि ते मिटलेलं नाही.

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहात ती कायम झाली. लग्नाच्या करारातला 'जोडून असलेला मुलूख' असा एकशे दहा-वीस वर्षांनी, लढून मिळाला. तरी खाडी होतीच. माहीम-वांद्र्यामध्ये पूल बांधायला सरकार तयार नव्हतं, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, टोल घ्यायचा नाही अशी अट घातली, आणि १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. एका बाईच्या हुंड्याने आखलेली हद्द दुसऱ्या बाईच्या पैशाने ओलांडता आली. हे मी बायकोला वाचून दाखवलं तेव्हा तिने पहिल्यांदा या प्रकरणात समाधानाने मान हलवली.

कागदावर मात्र आम्ही बराच काळ ठाणे जिल्ह्यात होतो. मुंबई उपनगर हा जिल्हाच १९२० मध्ये जन्मला, आणि मालाड-बोरिवलीकडचा भाग मुंबई महापालिकेत आला तो १९५७ मध्ये. म्हणजे मामांचा प्रश्न त्यांच्या लहानपणी विचारला असता तर उत्तर खरंच 'नाही' असं होतं. आजही ती रेघ बघायची असेल तर संग्रहालयात जायची गरज नाही. अंधेरीहून रिक्षा करा आणि दादरला सोडा म्हणा. पश्चिमेला वांद्र्यात, पूर्वेला शीवपाशी रिक्षावाला थांबेल. पुढे टॅक्सी. नियम अर्थातच परवान्यांचा आहे आणि खाडी निसर्गाची, कॅथरिनने रिक्षा अडवलेली नाही. पण शहर आणि उपनगर यांना आपण इतक्या सहज दोन वेगळ्या गोष्टी मानतो, त्यामागे त्या खाडीवर शंभर वर्षं दोन वेगळी राज्यं होती हेही आहेच.

मढचा किल्ला आतून तुम्हाला बघता येणार नाही. तो वायुदलाच्या अखत्यारीत आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही. मीही पोरवयात भिंतीला लागून फिरलो तेवढाच. आतला भाग पडका आहे, बाहेरच्या भिंती धड आहेत. तो सगळ्या देशाने पाहिलाय मात्र, सिनेमांत आणि मालिकांत: व्हिलनचा अड्डा, भुताचा वाडा, शेवटची मारामारी. खाली नाव कधीच येत नाही. बाहेर पायथ्याशी किल्लेश्वराचं देऊळ आहे, तिथपर्यंत या. ओहोटी असेल तर खडकांवरून खाडीच्या तोंडापर्यंत बघता येतं आणि हा किल्ला इथेच का, हे न सांगता कळतं.

आम्ही परत आलो त्याला आता वर्ष होईल. बायकोने मढलाच राहायचं ठरवलं, ही अट माझी नव्हती. ती रोज सकाळी बोटीने वर्सोव्याला जाते, तिथून मेट्रो. वलांडींवर बोंबील वाळत घातलेले असतात तेव्हा ओढणी नाकाला लावते, पण रस्ता बदलत नाही. मढ-वर्सोवा पुलाची योजना आता पुढे सरकते आहे. गावात दोन तट आहेत. एक म्हणतो रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचता येईल, दुसरा म्हणतो बोटी कुठे लावायच्या, जाळी कुठे सुकवायची, आणि पूल झाल्यावर ही जमीन आपल्याकडे राहील का. आई दुसऱ्या तटात आहे. बाबांना मागच्या पावसाळ्यात छातीत दुखलं तेव्हा बोट बंद होती, आम्ही रिक्षाने मालाड गाठेपर्यंत पाऊण तास गेला. त्यामुळे मी पहिल्या तटात आहे, आणि जेवताना आम्ही हा विषय काढत नाही.

परवा पुलावरच्या गावच्या बैठकीला बायको गेली होती. एकाने नकाशा पसरून विचारलं, नक्की कुठून कुठपर्यंत, लेखी दाखवा. ती घरी येऊन मला म्हणाली, "तुझे गाववाले स्कोप विचारतायत." मग तिने लॅपटॉप उघडला आणि त्यांच्यासाठी हरकतींचा अर्ज लिहायला बसली.